मावशीचं अजून नक्की नाही: क्रूझच्या केबिनचा हिशेब

सिएटलला राहणाऱ्या मुलीने जुलैत अलास्काची क्रूझ करायचं ठरवलं आहे. पुण्याहून आई येणार, हे पक्कं. आईच्या सोबतीला मावशी आली तर दोघी एका केबिनमध्ये मजेत राहतील, अशी सगळ्यांचीच इच्छा आहे. पण मावशीचं ‘बघू, सांगते’ चाललं आहे. गुडघा कधी बरा असतो, कधी नसतो. सुनेचे दिवस भरत आले आहेत. व्हिसाचं काम अर्धवट आहे.

मुलगी क्रूझ कंपनीच्या साइटवर भाव बघते. एकट्या आईसाठी बाल्कनीची केबिन २,७०० डॉलर. आई आणि मावशी दोघींसाठी तीच केबिन ३,००० डॉलर. सात रात्रींचं राहणं, सकाळ-संध्याकाळचं जेवण, रात्रीचे कार्यक्रम, हे सगळं एका जास्तीच्या माणसाला अवघ्या ३०० डॉलरमध्ये कसं मिळतं? मग तिला वाटतं, सध्या आईपुरतं बुक करावं, मावशीने हो म्हटलं की तिचं नाव वाढवू. दुसरा पलंग तर रिकामाच असणार आहे. आणि नेमकी इथे अडचण येऊ शकते. दोन महिन्यांनी नाव वाढवायला जावं, तर जहाजावर आता आणखी माणूस घेता येत नाही, असं उत्तर येतं. पलंग रिकामा, त्याचे पैसे भरलेले, तरी माणसाला जागा नाही.

वरचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. जहाज, हंगाम आणि केबिन यांप्रमाणे ते बदलतात. पण कोडं खरं आहे. त्याचं उत्तर असं की जहाज विकताना केबिन मोजतं, समुद्रात नेताना माणसं मोजतं आणि पैसे परत देताना दिवस मोजतं. हे तीन हिशेब वेगळे आहेत. ते एकदा कळले, की ज्याचं नक्की नाही त्याचं नाव आधी घालावं की नंतर, हा प्रश्न बराचसा सुटतो.

भाडं माणशी, किंमत केबिनची

क्रूझची जाहिरात ‘माणशी १,२०० डॉलरपासून’ अशी असते. खाली बारीक अक्षरांत अट असते, की हा भाव एका केबिनमध्ये दोन माणसं राहतील असं धरून आहे. आपल्याकडच्या सहल कंपन्या यालाच ‘ट्विन शेअरिंग’ म्हणतात. म्हणजे केबिनची किंमत मुळात २,४०० डॉलर आहे आणि ती दोघांत वाटून सांगितली आहे. एकच माणूस आला तरी केबिन तेवढीच अडते, म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची रक्कमही त्याच्याकडून घेतात. या जादा आकाराला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. मोठ्या जहाजांवर तो बहुतेक वेळा पूर्ण, म्हणजे शंभर टक्के असतो. काही कंपन्या काही फेऱ्यांवर तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतात.

भाड्याखेरीज दुसरी एक रक्कम असते, कर आणि बंदर शुल्क. ती मात्र खरोखर माणशी असते, कारण बंदरं आणि सरकारं चढणारी-उतरणारी डोकी मोजून पैसे घेतात. आपल्या उदाहरणात ती माणशी ३०० डॉलर धरली आहे. आता बेरीज करून बघा. दोघींची केबिन २,४०० आणि शुल्क ६००, एकूण ३,०००. एकट्या आईची केबिन तीच २,४०० आणि शुल्क ३००, एकूण २,७००. मावशीच्या येण्याने वाढतं ते फक्त तिचं शुल्क. त्यात जहाजावरच्या नोकरवर्गाची बक्षिसी मिळवायला हवी. ती मोठ्या अमेरिकी कंपन्यांत माणशी रोजची साधारण १६ ते २० डॉलर पडते आणि पुष्कळ जण ती आधीच भरून टाकतात.

एकट्या माणसाला कंपनी सवलत का देत नाही, याचं एक कारण उघड आहे. जहाज सुटलं की रिकामी राहिलेली जागा पुन्हा विकता येत नाही. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरून येतो. पेयं, किनाऱ्यावरच्या सहली, मालिश, जुगारघर, फोटो, इंटरनेट, सगळं त्यात आलं. रिकामा पलंग यातलं काहीच विकत घेत नाही. म्हणजे दुसऱ्या माणसाचं भाडं एकट्याकडून वसूल करूनही कंपनीच्या दृष्टीने थोडं नुकसान उरतंच. एकट्यांची मागणी वाढल्यावर काही कंपन्यांनी वेगळी वाट काढली. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीचं ‘एपिक’ हे जहाज २०१० मध्ये आलं, त्यात एका माणसापुरत्या १२८ छोट्या ‘स्टुडिओ’ केबिन होत्या. पुढे इतरांनीही अशा केबिन काढल्या. त्या फार थोड्या असतात आणि लवकर संपतात. बऱ्याचशा स्टुडिओंना समुद्राकडे उघडणारी खिडकी नसते, हेही आईला आधी सांगायला हवं.

खालचा बर्थ

क्रूझच्या धंद्याचं स्वतःचं एक माप आहे, ‘लोअर बर्थ’. खालचा बर्थ म्हणजे केबिनमधला कायमचा पलंग. प्रत्येक केबिनमध्ये असे दोन धरायचे आणि त्यांच्या बेरजेला जहाजाची शंभर टक्के क्षमता म्हणायचं. छतातून उघडणारी खाट किंवा पलंग होणारा सोफा या बेरजेत नसतो. म्हणून क्रूझ कंपन्यांच्या अहवालांत ‘जहाजं १०५ टक्के भरली’ अशी वाक्यं येतात आणि वाचणारा गोंधळतो. कुणालाही जमिनीवर झोपवलेलं नसतं. केबिनमध्ये आईवडील खालच्या पलंगांवर आणि मुलं वरच्या खाटांवर, एवढाच त्याचा अर्थ.

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचे आकडे बोलके आहेत. दोन माणसांच्या हिशेबाने त्यावर ५,६१० प्रवासी राहतात, जास्तीत जास्त ७,६००. मधला जवळजवळ दोन हजारांचा फरक तिसऱ्या-चौथ्या खाटांचा आहे.

हे माप आता गावांच्या राजकारणातही आलं आहे. अलास्काची राजधानी जुनो हे लहानसं शहर आहे, रस्त्याने बाहेरच्या जगाशी न जोडलेलं. उन्हाळ्यात तिथे क्रूझची एवढी गर्दी होते की शहराने कंपन्यांशी करार करून आधी दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. मग २०२६ पासून शनिवार सोडून रोज १६,००० आणि शनिवारी १२,००० खालचे बर्थ एवढी हद्द ठरवली. प्रवासी मोजण्याऐवजी बर्थ मोजले, कारण जहाज येण्याच्या कितीतरी आधी कळणारा पक्का आकडा तोच असतो. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानातही दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. थोडक्यात, जुलैतल्या अलास्काच्या जागा मनात आलं म्हणून वाढवता येत नाहीत. ‘शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळेल’ या आशेवर राहायला हा मार्ग फारसा योग्य नाही.

लाइफबोटीतली जागा

आता दुसरा हिशेब, माणसांचा. माझ्या मते केबिन घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा हाच भाग आहे, आणि नेमका तोच विकणारे सहसा सांगत नाहीत.

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि नावांत जागा होती १,१७८ जणांची. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ते कायदेशीर होतं, कारण नावांची संख्या जहाजाच्या आकारमानावरून ठरत असे, माणसांवरून नव्हे. त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज लागू असलेला करार १९७४ चा आहे, तो ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो. त्यानुसार प्रत्येक प्रवासी जहाजाला एक सुरक्षा प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर जास्तीत जास्त किती माणसं न्यायची तो आकडा असतो. लाइफबोटी आणि फुगणारे तराफे मिळून त्या सगळ्यांना पुरून उरायला हवेत. जागा मोजताना क्रूझ कंपन्या तान्हं मूलही एक पूर्ण माणूस धरतात.

हा आकडा पूर्ण जहाजासाठी तर असतोच, पण तो विभागांतही वाटलेला असतो. केबिन कुठे आहे त्यावरून तुमचं ‘मस्टर स्टेशन’ ठरतं, म्हणजे धोक्याचा भोंगा वाजला की जमायची जागा. तिथून ठरलेल्या बोटीत चढायचं. एका बोटीत नेहमीच्या नियमाने जास्तीत जास्त १५० माणसं नेता येतात. रॉयल कॅरिबियनच्याच ‘ओएसिस’ वर्गाच्या प्रचंड जहाजांसाठी ३७० जणांच्या बोटी खास मंजुरीने बनवल्या गेल्या. एखाद्या विभागाच्या बोटींतल्या जागा भरल्या, की त्या विभागातल्या केबिनमध्ये नवं माणूस घेता येत नाही. मग खाट रिकामी असो किंवा नसो.

हे सगळं नुसतं कागदावरचं काम नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडलं. ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळीच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा बोटींचा सराव व्हायचा होता, कारण तेव्हाचा नियम २४ तासांची मुभा देत होता. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घेणं सक्तीचं झालं. आईला जहाजावर चढल्या चढल्या कुठे जमायचं ते दाखवतील आणि तिची हजेरी घेतील, ती यामुळेच.

आता पुन्हा मावशीकडे येऊ. मुलीने एकट्या आईच्या नावाने केबिन घेतली आणि दोन माणसांचं भाडं भरलं, तरी माणसांच्या यादीत तिथे एकच नाव लागतं. दुसऱ्या पलंगाचे पैसे भरले म्हणून बोटीतली दुसरी जागा राखली जात नाही. जुलै हा अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्टीचा काळ. एकेका केबिनमध्ये चार-चार जणांची कुटुंबं चढतात आणि बोटींतल्या जागा केबिनच्या आधी संपू लागतात. अशा वेळी मे महिन्यात मावशीचं नाव वाढवायला गेलं तर नकार मिळू शकतो. नकार मिळाला नाही तरी दुसरी अडचण असते. नव्याने वाढवलेल्या माणसाला त्या दिवशीचा भाव लागू होतो आणि कधीकधी सगळं बुकिंगच नव्या भावाने मांडलं जातं. पहिल्या बुकिंगला मिळालेली सवलत तिथे हातची जाते.

याउलट, सुरुवातीलाच घातलेलं नाव वेळेत काढून टाकणं सोपं असतं. म्हणून ज्याचं नक्की नाही त्याचं नाव, त्याला विचारून, पहिल्याच दिवशी घालावं. तिसऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे आणखी गरजेचं आहे. दोघं नक्की आणि तिसरा अनिश्चित असेल, तर केबिन मुळातच तिसरी खाट असलेली घ्यायला हवी. दोन पलंगांच्या केबिनमध्ये जादा गादी टाकून भागत नाही.

हप्ते आणि तारखा

नाव काढायला सोपं, पण कधीपर्यंत? इथे तिसरा हिशेब येतो.

लग्नाच्या जेवणाचं कंत्राट देताना आपण केटररला आधी अंदाजे पानं सांगतो. मग ठरलेल्या दिवशी तो पक्का आकडा मागतो, आणि त्यानंतर दहा पाहुणे कमी आले तरी त्यांच्या पानांचे पैसे द्यावेच लागतात. क्रूझमध्ये पक्का आकडा देण्याच्या या दिवसाला ‘फायनल पेमेंट’ म्हणतात. आठवडाभराच्या फेरीसाठी मोठ्या कंपन्यांत तो साधारण सुटण्याच्या ९० दिवस आधी असतो. तीन-चार रात्रींच्या फेरीला थोडा उशिरा, लांबच्या फेऱ्यांना आणखी आधी. जहाज १२ जुलैला सुटणार असेल तर ९० दिवस मागे मोजत गेलं की १३ एप्रिल येतो.

त्या दिवसापर्यंत फक्त अनामत भरलेली असते. अनामत दोन तऱ्हेची असते, परत मिळणारी आणि न मिळणारी. न मिळणाऱ्या अनामतीचा भाव थोडा कमी दिसतो आणि साइटवर बहुधा तोच आधी दाखवतात. दोघांचंही पक्कं असेल तर तो घ्यायला हरकत नाही. एकाचं जरी ‘बघू’ असेल तर परत मिळणारी अनामतच घ्यावी. तिचा आणखी एक फायदा असा, की फायनल पेमेंटच्या आधी भाव उतरला तर कंपनीला सांगून पुष्कळदा उतरलेला भाव लावून घेता येतो.

फायनल पेमेंट झाल्यावर दंडाची शिडी सुरू होते. नेहमी दिसणारी एक शिडी अशी: ९० ते ७५ दिवसांच्या दरम्यान रद्द केलं तर पाव रक्कम जाते, ६० दिवसांपर्यंत अर्धी, ३० दिवसांपर्यंत पाऊण, त्यानंतर सगळी. प्रत्येक कंपनीच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून आपल्या करारातल्या तारखा काढून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. कर आणि बंदर शुल्क मात्र कुठल्याही पायरीवर बहुतेक परत मिळतं. माणूस चढलाच नाही तर कंपनीला ते कुठे भरावं लागत नाही.

महाराष्ट्रातल्या सहल कंपनीमार्फत जात असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. अशा कंपन्या क्रूझवाल्यांकडून केबिनचा गठ्ठा आधीच धरून ठेवतात आणि न विकलेल्या केबिन ठरलेल्या तारखेला परत करतात. त्यामुळे त्यांची तुम्हाला दिलेली मुदत क्रूझ कंपनीच्या मुदतीच्याही आधी संपते. त्यांच्याकडे एक सोय मात्र असते. एकट्या बाईला दुसऱ्या एकट्या बाईबरोबर केबिन जुळवून देतात, म्हणजे जादा आकार वाचतो.

> चौकट: पैसे भरण्याआधी विचारून घ्या
>
> अनामत परत मिळणारी आहे का? फायनल पेमेंटची नेमकी तारीख कोणती?
>
> दोघांपैकी एकाने त्या तारखेनंतर रद्द केलं, तर दंड आणि सिंगल सप्लिमेंट दोन्ही लावता का?
>
> एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव कधीपर्यंत घालता येतं, आणि त्याने भाव बदलतो का?
>
> न आलेल्या प्रवाशाचं बंदर शुल्क, आधी भरलेली बक्षिसी आणि सहलींचे पैसे कसे परत मिळतात?
>
> उत्तरं ईमेलवर मागा. फोनवर सांगितलेलं पुढे सापडत नाही.

रद्द करणं वेगळं, न येणं वेगळं

समजा, मावशीचं नाव घातलं, १३ एप्रिलला पूर्ण ३,००० डॉलर भरले आणि जूनमध्ये तिने नाही म्हटलं. आता काय करायचं? बहुतेकांचा पहिला विचार असतो, तिचं तिकीट रद्द करू, काहीतरी परत मिळेल. इथे थांबून हिशेब करायला हवा.

मावशीचं रीतसर रद्द केलं की बुकिंगमध्ये एकटी आई उरते. मग कंपनी आईचं भाडं एकट्याच्या दराने पुन्हा मांडू शकते. मावशीच्या १,२०० डॉलरमधून दंड कापला जातो आणि उरलेले आईच्या सप्लिमेंटकडे वळतात. कुठे कुठे दंड वेगळा आणि सप्लिमेंट वेगळं लावल्याने एकूण रक्कम ३,००० च्याही वर जाऊ शकते. तिसरा माणूस असलेल्या केबिनमध्ये ही भीती नसते. तिथे दोघं उरले तरी केबिनचं भाडं पूर्ण झालेलं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे काहीच रद्द न करणं. जहाज सुटायच्या दिवशी आई एकटी चढते, मावशी चढत नाही. यादीत तिच्यापुढे ‘आली नाही’ अशी नोंद होते. केबिनचं भाडं दोघींचं भरलेलंच असल्यामुळे आईला नवा आकार लागत नाही. मावशीचं ३०० डॉलर शुल्क, बक्षिसी आणि तिच्या नावाने आधी घेतलेल्या वस्तूंचे पैसे बऱ्याच कंपन्या फेरीनंतर परत करतात. दंड शंभर टक्क्यांवर पोहोचला असेल तेव्हा रद्द करण्यात पैशाचा फायदा उरत नाही आणि हा मार्ग सरळ ठरतो. मावशी येणार नाही हे कंपनीला आधीच कळवायचं असेल, तर त्या कळवण्याला ते ‘रद्द’ धरणार की नाही एवढं मात्र आधी विचारून घ्यावं.

याला एक मोठा अपवाद आहे, विमा. विम्याचा दावा करायचा असेल तर प्रवास रीतसर रद्द झाल्याचा कागद लागतो. नुसतं न येण्यावर पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांना मिळणाऱ्या बऱ्याच पॉलिसींत एक उपयोगी कलम असतं. सोबती आजारपणासारख्या मान्य कारणाने गळाला, तर मागे राहिलेल्या प्रवाशावर पडलेला एकट्याचा जादा आकार विमा भरून देतो. ‘मन बदललं’ हे मान्य कारण नव्हे. त्यासाठी ‘कुठल्याही कारणाने रद्द’ अशी महाग पॉलिसी निघते. ती पहिली अनामत भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच घ्यावी लागते आणि खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देते. भारतातून येणाऱ्या आई-मावशीसाठी पॉलिसी बहुधा भारतातलीच घ्यावी लागेल. तीत कोणती कारणं धरली आहेत ते एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न सोडता पॉलिसीच्या कागदात वाचावं.

मावशीच्या जागी आत्या

नाव काढण्यापेक्षा बदलणं पुष्कळदा फायद्याचं असतं. मावशी येत नसेल तर तिच्या जागी आत्याला नेता येईल का? बहुतेक कंपन्यांत येतं. अट अशी, की मूळ बुकिंगमधला निदान एक प्रवासी कायम राहिला पाहिजे. दोन्ही नावं बदलली तर ते नवं बुकिंग धरतात आणि त्या दिवशीचा भाव लावतात. म्हणून ज्याचं यायचं पक्कं, त्याचं नाव पहिलं घालावं. न परतणाऱ्या अनामतीवर काही कंपन्या बदलासाठी माणशी १०० डॉलरच्या घरात आकार घेतात.

बदल शेवटच्या घटकेपर्यंत चालत नाहीत. प्रवाशांची यादी जहाज सुटण्यापूर्वी सरकारी यंत्रणांकडे जाते. म्हणून कंपन्या काही दिवस आधी नावं गोठवतात. ‘नाव नंतर कळवू’ असं बुकिंग काही ठिकाणी फायनल पेमेंटपर्यंत चालवून घेतात, काही ठिकाणी अजिबात नाही. खोटं किंवा अंदाजाने नाव मात्र घालू नये. पासपोर्टवर आहे तसं, त्याच स्पेलिंगने मावशीचं नाव घालावं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यांतला घोळ आपल्याकडे फार असतो आणि तो बंदरावर उघडकीला येतो.

अलास्काच्या वाटेवर कॅनडा

मावशीच्या अनिश्चिततेत गुडघ्यापेक्षा व्हिसाचा वाटा मोठा असू शकतो. सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटललाच परत यायचं, तर मध्ये परदेश कुठला, असं वाटतं. पण अमेरिकेत १८८६ पासूनचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही, फेरीत एखादं परकं बंदर घ्यावं लागतं. बड्या क्रूझ कंपन्यांची जवळजवळ सगळी जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा अशा देशांत नोंदलेली आहेत. म्हणून सिएटलच्या बहुतेक फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. कोविडमध्ये कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा अलास्काच्या फेऱ्या वाचवायला अमेरिकी संसदेला २०२१ मध्ये तात्पुरती सूट देणारा कायदा करावा लागला होता.

त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा, कारण व्हिक्टोरियाहून परतताना मावशी पुन्हा अमेरिकेत शिरणार असते. कागद अपुरे असतील तर चढू देत नाहीत, आणि भाडं परत मिळत नाही. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असं करारात स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकेचा व्हिसा पहिल्यांदाच काढायचा असेल तर मुलाखतीची वाट किती बघावी लागेल हे आधी पाहावं. २०२२-२३ मध्ये मुंबईत ही प्रतीक्षा वर्षाच्या वर गेली होती.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या देशांतर्गत क्रूझला व्हिसाची भानगड नाही. कॉर्डेलिया या कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेलं जहाज २०२१ पासून अशा फेऱ्या करतं. लाइफबोटींचं गणित तिथेही लागू असतं. फेऱ्या दोन ते पाच रात्रींच्या असतात. अनिश्चित सोबत्याबरोबरची पहिली क्रूझ म्हणून मला त्या अधिक सोयीच्या वाटतात.

मावशीशी बोलताना

मावशीला ‘येणार का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘बघू’ असंच येणार, आणि त्यात तिची चूक काही नाही. तिला तारखा सांगाव्यात. ‘तुझं नाव आत्ता घालते. ५ एप्रिलपर्यंत नाही म्हणालीस तर कुणाचंच काही जात नाही. १३ एप्रिलनंतर नाही म्हणालीस तर तुझ्या भाड्याचे पैसे बुडतील.’ ते बुडणारे पैसे कोण सोसणार हेही त्याच फोनवर ठरवावं. घरच्या माणसांत पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि नंतर त्यावरूनच अबोला होतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही व्हिसा हातात नसतील, तर मावशीचं नाव काढून आईपुरते २,७०० भरायचे, आत्याला विचारायचं, किंवा आईसाठी स्टुडिओ केबिन शिल्लक आहे का ते बघायचं. १३ तारखेच्या आत हे तिन्ही मार्ग मोकळे असतात.